टेस्टिस, प्रोस्टेट, पेनिस: टीएनएम नंतर, आधी हा अवयव मुळात कुठला ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की एमबीबीएसच्या फायनल इयरला सर्जरी वाचताना टेस्टिस (अंडकोष), प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) आणि पेनिसचे (लिंगाचे) कॅन्सर आगेमागे येतात, तिन्हींचं स्टेजिंग वेगळं, ऑपरेशन वेगळं, मार्कर (रक्तात सापडणारे ट्यूमरचे खुणेचे पदार्थ) वेगळे, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसलं की सगळं एकमेकांत मिसळतं, तर हे समजून कसं वाचायचं? आणि खाली एक उपप्रश्न, की गावाकडे काका-मामा "पीएसए करून घेऊ का रे" (पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी) विचारतात त्यांना काय सांगायचं. दोन्हींचं उत्तर देतो, लांब होईल, पण मी हेच रोज करतो आणि हेच शिकवतो त्यामुळे हात आखडता घेणार नाही.

माझं म्हणणं एकच आहे. टीएनएमचा (गाठ किती, नोड्समध्ये गेली का, दूर पसरली का हे सांगणारा स्टेजिंगचा) तक्ता शेवटी उघडा. आधी विचारा हा अवयव गर्भात कुठे तयार झाला आणि त्याचं लिम्फ (ऊतींमधून नोड्सकडे, म्हणजे लिम्फच्या गाठींकडे, वाहून जाणारा द्रव) कुठे जातं. एवढं पक्कं असलं की कॅन्सर कुठे पसरणार ते कळतं, कुठे पसरणार ते कळलं की कापायचं कुठून ते कळतं आणि काय करायचं नाही तेही कळतं. परीक्षक नव्वद टक्के वेळा "का" विचारतात आणि त्या का-चं उत्तर इथेच असतं.

टेस्टिसपासून सुरू करू कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. टेस्टिस पोटात तयार होतं, मागच्या भिंतीला, किडनीच्या जवळपास, आणि मग खाली उतरतं. उतरताना रक्तवाहिन्या आणि लिम्फॅटिक्स सोबत घेऊन येतं. म्हणून टेस्टिक्युलर आर्टरी थेट एओर्टामधून (पोटातल्या महाधमनीतून) निघते, उजवी व्हेन आयव्हीसीला (पोटातल्या मोठ्या शिरेला) मिळते, डावी रीनल व्हेनला (किडनीच्या शिरेला), आणि लिम्फ जातं पॅरा-एओर्टिक नोड्सना. उजव्या टेस्टिसचं आधी एओर्टा आणि आयव्हीसीच्या मधल्या नोड्सना, डाव्याचं एओर्टाच्या डाव्या बाजूला, रीनल हायलमच्या जरा खाली. ग्रोइनमध्ये (जांघेत) नाही. स्क्रोटम (टेस्टिसची पिशवी) मात्र कातडी आहे, बाहेरची, तिचं लिम्फ इंग्वायनल (जांघेतल्या) नोड्सना जातं. म्हणजे दोन बोटांच्या अंतरावर असलेल्या दोन गोष्टी, पण ड्रेनेज पूर्ण वेगळं.

आता बघा यातून किती गोष्टी आपोआप निघतात. टेस्टिसमध्ये गाठ असेल तर स्क्रोटममधून सुई घालायची नाही, एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणं) नाही, ट्रान्सस्क्रोटल बायोप्सी नाही, कारण तुम्ही ट्यूमरला एक नवीन रस्ता उघडून देता. ऑपरेशन इंग्वायनल इन्सिजनमधून, कॉर्ड वर डीप रिंगजवळ क्लॅम्प करून मग टेस्टिस बाहेर, त्याला हाय इंग्वायनल ऑर्किडेक्टमी म्हणतात. पेशंट पाठदुखी घेऊन का येतो? रेट्रोपेरिटोनियल (पोटाच्या मागच्या भिंतीचे) नोड्स मोठे झालेत म्हणून. डाव्या कॉलरबोनच्या वर गाठ का लागते? पॅरा-एओर्टिकचं लिम्फ थोरॅसिक डक्टने तिथेच जातं म्हणून. पस्तिशीच्या आतला पुरुष, पाठदुखी, मानेत डावीकडे नोड, आणि कुणी टेस्टिसला हातच लावलेला नाही, ही केस तुमच्या आयुष्यात एकदा तरी येणार. आपल्याकडे अशा नोडला पहिला विचार टीबीचा येतो आणि तो यायलाच हवा, पण त्यासोबत पॅंट खाली करून तपासणंही यायला हवं. केसपेपरवर "एक्स्टर्नल जेनिटेलिया नॉर्मल" असं न तपासता लिहिलेलं मी फार वेळा बघितलंय आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. पेशंट लाजणार, "खाली जरा जड वाटतंय" एवढंच म्हणणार, पुढचं आपण विचारायचं, पडदा ओढायचा, परवानगी घ्यायची, दोन्ही बाजू तपासायच्या. दोन मिनिटांचं काम आहे.

तपासताना लक्षात ठेवायचं की कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही, कडक लागते, टेस्टिसपासून वेगळी करता येत नाही आणि आरपार उजेड जात नाही. एपिडिडिमिसची (टेस्टिसमागच्या नळीची) गाठ वेगळी लागते, मागच्या बाजूला. आणि हायड्रोसील (टेस्टिसभोवती साठलेलं पाणी) दिसलं म्हणून खूश होऊ नका, ट्यूमरभोवतीही पाणी साठतं, तरुण माणसात नवीन हायड्रोसील असेल तर सोनोग्राफी करा, सुईने पाणी काढत बसू नका. एपिडिडिमो-ऑर्कायटिस समजून अँटिबायोटिक दिलं आणि दोन आठवड्यांत सूज उतरली नाही तर परत सोनोग्राफी, तिसरा कोर्स नाही.

टेस्टिसच्या ट्यूमरपैकी साधारण ९५ टक्के जर्म सेल (शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशींचे) ट्यूमर असतात, वय मुख्यतः १५ ते ३५-४०. दोन गट, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. सेमिनोमा हळू चालतो, रेडिएशनला आणि केमोला दोन्हीला छान प्रतिसाद देतो. नॉन-सेमिनोमामध्ये एम्ब्रायोनल, योक सॅक, कोरिओकार्सिनोमा, टेराटोमा, बहुतेक वेळा मिसळलेले. वय बदललं की चित्र बदलतं हेही व्हायवाचं आवडतं आहे: लहान बाळात योक सॅक ट्यूमर आणि टेराटोमा, आणि वयात येण्याआधीचा टेराटोमा सहसा बिनाइन वागतो पण मोठ्या माणसातला तोच टेराटोमा मॅलिग्नंट समजायचा, आणि साठीनंतर टेस्टिसमध्ये गाठ असेल तर आधी लिम्फोमा आठवायचा.

मार्कर तीन, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, तिन्ही रक्तात मोजतात. एएफपी योक सॅक घटकातून येतो, आणि शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट "प्युअर सेमिनोमा" म्हणतोय पण एएफपी खरोखर वाढलेला आहे, लिव्हरचं कारण नाही, तर पेशंटला नॉन-सेमिनोमा समजून ट्रीट करायचं, रिपोर्टपेक्षा मार्कर खरा. बीटा एचसीजी कोरिओकार्सिनोमात प्रचंड वाढतो, सेमिनोमातही काही जणांत थोडा वाढलेला सापडतो. एचसीजीची अल्फा चेन टीएसएचसारखीच असते म्हणून फार वाढला तर थायरॉइड जास्त झाल्याची लक्षणं दिसू शकतात, आणि काही मुलं तर छाती वाढली म्हणून येतात. एलडीएच हा ओझं किती आहे ते सांगतो, बाकी काही खास नाही. आता महत्त्वाचं, मार्कर ऑपरेशनच्या आधी पाठवायचे आणि नंतर परत. एएफपीची हाफ लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) ५ ते ७ दिवस, एचसीजीची दीड दिवसाच्या आत. टेस्टिस काढल्यावर या वेगाने आकडे उतरले नाहीत तर रोग कुठेतरी शिल्लक आहे, सीटी स्वच्छ दिसला तरी. म्हणूनच टेस्टिसच्या स्टेजिंगमध्ये टी, एन, एम सोबत एक एस जोडलेला आहे, सीरम मार्करचा. हे एकदा कळलं की तो एस पाठ करावा लागत नाही.

थोडा इतिहास सांगतो कारण तो कळल्याशिवाय या आजाराकडे कसं बघायचं ते कळत नाही. १९६५ साली मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग बॅक्टेरियावर विजेच्या करंटचा परिणाम बघत होते, इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, आणि ई. कोलाय विभागायचेच थांबले, नुसते लांबच लांब वाढत गेले. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमची संयुगं होती. त्यातून सिसप्लॅटिन आलं. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिनसोबत पसरलेल्या टेस्टिस कॅन्सरमध्ये वापरलं आणि जो आजार तोपर्यंत पसरल्यावर बहुतेकांचा जीव घ्यायचा तो बहुतेकांमध्ये बरा व्हायला लागला. नंतर विनब्लास्टिनच्या जागी एटोपोसाइड आलं, तेच आजचं बीईपी (ब्लिओमायसिन, एटोपोसाइड, सिसप्लॅटिन). आज फुप्फुसात पसरलेल्या तरुणालाही आपण "बरं करायचंय" असं म्हणून ट्रीट करतो, गुड रिस्क गटात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक जगतात. एकाही मेटास्टॅटिक टेस्टिस कॅन्सरच्या पेशंटला "आता काही होणार नाही, घरी न्या" असं सांगितलं जाऊ नये. रिस्क गट १९९७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ठरतात, गुड, इंटरमिजिएट, पुअर, आणि सेमिनोमाला पुअर गटच नाही.

युवराज सिंगची केस तर सगळ्यांना माहिती आहे, २०११ च्या वर्ल्डकपनंतर छातीत गाठ निघाली, मेडियास्टायनल सेमिनोमा, आणि २०१२ मध्ये इंडियानापोलिसला याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली केमो झाली. विद्यार्थी विचारतात टेस्टिसचा ट्यूमर छातीत कसा? परत एम्ब्रियॉलॉजी. जर्म सेल्स योक सॅकच्या भिंतीतून हिंडगटच्या मेसेंटरीवरून प्रवास करत गोनॅडपर्यंत पोचतात, त्या वाटेत मिडलाइनला काही मागे राहतात असं मानलं जातं, म्हणून हे ट्यूमर मेडियास्टायनम, रेट्रोपेरिटोनियम, पिनिअल अशा मिडलाइनच्या जागी सापडतात. तरुण पुरुषात मिडलाइनला मास दिसला की बायोप्सीचा फॉर्म भरायच्या आधी एएफपी, बीटा एचसीजी आणि टेस्टिसची सोनोग्राफी, हे हाताला वळण लागू द्या.

ट्रीटमेंटमध्ये तुमच्या लेव्हलला एवढं पुरे. स्टेज वन सेमिनोमात ऑर्किडेक्टमीनंतर बहुतेकांना नुसतं फॉलोअपवर ठेवता येतं, नाहीतर कार्बोप्लॅटिनचा एक डोस, रेडिएशन आता कमी वापरतात. पसरलेल्याला बीईपी. केमोनंतर नॉन-सेमिनोमात पोटात एक सेंटिमीटरच्या वर गाठ उरली असेल तर ती काढायची, कारण आत टेराटोमा असू शकतो आणि टेराटोमाला केमो लागू पडत नाही, तो वाढतच राहतो. ब्लिओमायसिन फुप्फुस खराब करू शकतं, म्हणून हा पेशंट पुढे कधीही कुठल्याही ऑपरेशनला आला तर ॲनेस्थेशियावाल्यांना सांगायलाच हवं. आणि स्पर्म बँकिंग, हे केमोच्या आधी, शक्यतो ऑर्किडेक्टमीच्याही आधी. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, आईबाप सोबत, घरात कुणी हा विषय काढणार नाही, लग्न व्हायचंय, तेव्हा हे बोलायचं काम आपलं आहे आणि मुलाशी एकट्याशी बोलायचं. नंतर बोललं तर उपयोग नसतो.

न उतरलेलं टेस्टिस हा मोठा रिस्क फॅक्टर. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी खाली आलं नसेल तर आपोआप येण्याची आशा कमी, वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑर्किओपेक्सी (टेस्टिस खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन) करायची. त्याने रिस्क कमी होतो पण शून्य होत नाही, पण टेस्टिस हाताला लागतं अशा जागी येतं हा मोठा फायदा. आपल्याकडे "मोठा झाला की उतरेल" म्हणून मुलं लग्नाच्या वयापर्यंत तशीच राहतात. बालरोगच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येक मुलग्याला तपासा.

आता पेनिस. हा पृष्ठभागावरचा अवयव, कॅन्सर कातडीचा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणून तो ग्रोइनमध्ये जातो. आधी इंग्वायनल, मग पेल्विक, पायरी पायरीने, इंग्वायनल सोडून थेट पेल्विकला उडी सहसा मारत नाही. आणि मिडलाइनचा अवयव असल्यामुळे दोन्ही ग्रोइनमध्ये जाऊ शकतो, म्हणून दोन्ही बाजूंचा विचार. हा कॅन्सर श्रीमंत देशांत दुर्मिळ, आपल्याकडे ग्रामीण भागातून अजूनही येतो. फायमोसिस (पुढची कातडी मागे न जाणं), स्वच्छता न राहणं, तंबाखू, एचपीव्ही १६ हा व्हायरस, लायकन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार ही कारणं. लहानपणी सुंता झालेल्यांमध्ये फारच कमी दिसतो. पेशंट महिनोन्‌महिने लपवतो, बायकोलाही सांगत नाही, कातडी मागे जात नाही त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि घाण वास किंवा रक्त यायला लागल्यावर येतो. पन्नाशीच्या माणसाला नव्यानं फायमोसिस झालं आणि आत कडक लागतंय तर क्रीम देऊन घरी पाठवू नका, बायोप्सी घ्या.

इथे पेशंट जगणार का हे मूळ गाठीपेक्षा ग्रोइनच्या नोड्सवर ठरतं. हाताला नोड लागत असतील तर त्यातले निम्म्याच्या आसपास नुसते इन्फेक्शनचे असतात, आणि हाताला काहीच लागत नसेल तरी २०-२५ टक्के लोकांत आत बारीक पसरलेलं असतं. जुन्या पुस्तकात सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन बघा असं लिहिलंय, ते आता करायचं नाही, नोडची एफएनएसी लगेच करा, आपल्या पेशंटच्या बाबतीत तर सहा आठवड्यांनी तो परत येईलच याची खात्री नसते. हाय ग्रेड किंवा खोल गेलेल्या ट्यूमरमध्ये नोड लागत नसले तरी सेंटिनेल नोड (कॅन्सर आधी जिथे पोचेल तो पहिला नोड) बायोप्सी किंवा इंग्वायनल डिसेक्शन, वेळेत केलं तर जीव वाचतो. थांबून राहिलेल्यांचे नोड कातडी फोडून बाहेर येतात, फेमोरल व्हेसल्सपर्यंत पोचतात आणि अचानक रक्तस्राव होऊन पेशंट जातो. मूळ गाठीसाठी पूर्वी दोन सेंटिमीटर मार्जिन शिकवायचे, आता काही मिलिमीटर स्वच्छ असले तरी चालतं, म्हणून अवयव वाचवणं शक्य होतं. उभं राहून लघवी करता येईल का हा पेशंटचा पहिला प्रश्न असतो, बऱ्याचदा तो विचारत नाही, तुम्ही स्वतःहून सांगा. पूर्ण काढावं लागलं तर पेरिनियममध्ये (स्क्रोटम आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत) लघवीची वाट करून देतात आणि बसून लघवी होते.

स्क्रोटमचा कॅन्सर आज क्वचितच दिसतो, पण १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी चिमण्या साफ करणाऱ्यांमध्ये काजळीमुळे तो होतो हे लिहिलं आणि कामामुळे होणारा कॅन्सर ही कल्पना पहिल्यांदा मांडली गेली. मणक्याचा टीबी म्हणजे पॉट्स स्पाइन, तेच हे पॉट. तोही कातडीचा कॅन्सर, म्हणून इंग्वायनल नोड.

प्रोस्टेट पेल्विसमधला आहे, लिम्फ ऑब्ट्युरेटर आणि इंटर्नल इलियाक नोड्सना, पण इथे खरी गोष्ट व्हेन्सची आहे. प्रोस्टेटभोवतीच्या व्हेन्स मणक्याच्या व्हेन्सशी जोडलेल्या आहेत, मध्ये व्हॉल्व्ह नाहीत, बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवलेला प्लेक्सस, कंबरेच्या मणक्यात आणि पेल्विसच्या हाडात कॅन्सर जाण्याचं एक मोठं कारण हेच सांगितलं जातं. आणि तिथे तो हाड खातो त्यापेक्षा जास्त बनवतो, ऑस्टिओब्लास्टिक, एक्सरेत पांढरं, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं. झोन लक्षात ठेवा, कॅन्सर साधारण ७० टक्के वेळा पेरिफेरल झोनमध्ये, बीपीएच (वयाने प्रोस्टेट वाढणं, कॅन्सर नव्हे) ट्रान्झिशन झोनमध्ये, म्हणजे लघवीच्या नळीभोवती. म्हणून बीपीएच लवकर लघवी अडवतो, कॅन्सर गपचूप वाढतो आणि रेक्टममधून बोटाला लागतो. म्हणूनच बीपीएचसाठी टीयूआरपी (लघवीच्या वाटेतून प्रोस्टेटचा आतला भाग खरवडणं) झालेल्या माणसालाही नंतर कॅन्सर होऊ शकतो, बाहेरचा भाग तर तसाच असतो. "माझं प्रोस्टेट काढलंय" असं पेशंट सांगतो तेव्हा कोणतं ऑपरेशन झालं ते विचारा.

प्रोस्टेट कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा ग्लीसन स्कोअर १९६६ चा, पेशी कशा दिसतात यापेक्षा ग्रंथींची रचना कशी आहे त्यावर. तीन अधिक चार आणि चार अधिक तीन दोन्हींची बेरीज सात, पण दुसरा जास्त वाईट, कारण चारचा भाग जास्त आहे. हा गोंधळ टाळायला आता एक ते पाच ग्रेड ग्रुप वापरतात, तीन अधिक चार म्हणजे ग्रुप दोन, चार अधिक तीन म्हणजे ग्रुप तीन.

१९४१ मध्ये, आपल्या परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, शिकागोला चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की टेस्टिस काढले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटतो, त्याचं नोबेल १९६६ ला मिळालं. आजही पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा पाया तोच, टेस्टोस्टेरॉन बंद करणं. इंजेक्शन किंवा दोन्ही बाजूंची ऑर्किडेक्टमी. आपल्याकडे बरेच पेशंट ऑर्किडेक्टमी निवडतात, एकदाच खर्च, दर तीन महिन्यांनी तालुक्यावरून यायला नको, आणि मला हा निर्णय अजिबात कमी दर्जाचा वाटत नाही. फक्त पेशंटला नीट समजावून, त्याचा स्वतःचा होकार घेऊन, मुलाने परस्पर ठरवून नाही. इंजेक्शन जीएनआरएच ॲगोनिस्टचं असेल तर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, मणक्यात रोग असेल तर पाय जाऊ शकतात, म्हणून आधी बायकॅल्युटामाइड (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी) द्यायचं किंवा डेगारेलिक्स (सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन न वाढवणारं इंजेक्शन) वापरायचं. ऑर्किडेक्टमीत टेस्टोस्टेरॉन काही तासांत उतरतं. आणि आता नुसतं हॉर्मोन बंद करून थांबत नाहीत, सोबत ॲबिरॅटरोनसारखं औषध किंवा डोसिटॅक्सेल सुरुवातीपासूनच जोडतात, त्याने आयुष्य खरंच वाढतं.

प्रोस्टेटमध्येच थांबलेला, लो रिस्क रोग असेल तर सगळ्यांना कापायची गरज नसते. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये पीएसएवरून सापडलेल्या, प्रोस्टेटपुरत्या रोगाच्या १६४३ पुरुषांना निगराणी, ऑपरेशन आणि रेडिएशन असे तीन गट केले, २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निकाल आला, तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले तीन टक्क्यांच्या आसपासच. ऑपरेशनमध्ये लघवीवरचा ताबा आणि इरेक्शन यांची किंमत मोजावी लागू शकते, ती पेशंटला आधी माहिती हवी. पण हे आकडे हाडात पसरलेला रोग घेऊन आलेल्या आजोबांना लावू नका, तो वेगळाच आजार समजा.

आता काका-मामांचं. पीएसए हा प्रोस्टेटचा मार्कर आहे, कॅन्सरचा नाही. इन्फेक्शन, लघवी अडकणं, कॅथेटर, नुसतं बीपीएच, सगळ्याने वाढतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट लहान करणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर सहा महिन्यांनंतर आकडा साधारण निम्मा झालेला असतो, म्हणून दुप्पट करून वाचा. लघवीचं इन्फेक्शन नुकतंच झालं असेल तर पाच-सहा आठवडे थांबून टेस्ट करा. पन्नास-पंचावन्न ते सत्तरच्या मधले, तब्येत चांगली, आणि "वाढला तर एमआरआय, मग कदाचित बायोप्सी, आणि कदाचित असा कॅन्सर सापडेल ज्याने मला कधीच काही झालं नसतं" हे ऐकूनही करायचा असेल त्यांनी जरूर करावा. वडिलांना किंवा भावाला कमी वयात झालाय किंवा घरात बीआरसीए टू (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बिघाड) आहे तर पंचेचाळीसच्या आधीच बोलायला सुरुवात करा. सत्तरी पार, काही त्रास नाही, त्यांना पॅकेजमध्ये आहे म्हणून करायला लावू नका. एकदा जास्त आला तर घाबरून लगेच बायोप्सी नाही, काही आठवड्यांनी परत टेस्ट, रेक्टल तपासणी, मग एमआरआय.

पण काकांची कंबर दोन महिने दुखतेय, रात्री झोपेतून उठवते, वजन उतरलंय, तर ही स्क्रीनिंगची गोष्टच उरत नाही, पीएसए आणि मणक्याचा एमआरआय दोन्ही करायला लावा. आणि पायात मुंग्या, चालताना पाय लटपटणं किंवा लघवी अचानक अडणं असं काही सांगितलं तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी त्यांना मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा, डेक्सामेथासोन आणि एमआरआय तिथे लगेच सुरू होतं, कारण चालत आलेला माणूस बहुतेक वेळा चालता राहतो आणि पाय पूर्ण गेल्यावर आणलेल्याचे पाय परत येणं फार अवघड असतं.